आमची ट्रॅक्स, आजी आणि मे महिना

कॅराव्हॅन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरीशुभ्र लांबलचक गाडी, आत पलंग, फ्रीज, बेसिन, दारात घडीची खुर्ची टाकून बसलेला एखादा गोरा म्हातारा आणि मागे निळंशार तळं. हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये असला कार्यक्रम लागला की कुणीतरी मॅच लावेपर्यंत आपण तो तोंड उघडं टाकून बघतो. आपल्या राज्यानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. धोरण चांगलंच आहे, पण आमच्या परभणी जिल्ह्यात अशी गाडी मी तरी अजून पाहिलेली नाही. आमच्याकडे घर गाडीत घालून निघणारे खरे लोक म्हणजे ऊसतोड कामगार. भांडीकुंडी, पोरं, कोंबड्या, सगळं घेऊन दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्यांची ती सहल नसते, हा भाग वेगळा.

तर ही गोष्ट आहे आमच्या घरच्या कॅराव्हॅनची. म्हणजे काकांच्या ट्रॅक्स क्रूझरची. पिवळी पाटी, लग्नाची भाडी, मागे सामोरासमोरची दोन बाकडी आणि टपावर कॅरिअर. गाडी जुनी आहे, पण "हिच्या इंजिनाचं मूळ मर्सिडीजचं हाय" हे काका ओळख झाल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. त्यात खोटं काही नाही. ओएम ६१६ हे मर्सिडीजचं डिझेल इंजिन आपल्याकडे परवान्यावर बनत होतं आणि ट्रॅक्समध्ये बसत होतं. आता मर्सिडीजच्या वंशातली गाडी गंगाखेडला बोअरच्या पाण्यावर जगते, याला नशीब म्हणायचं, दुसरं काय!

सहलीची कल्पना आजीची. तिला त्र्यंबकेश्वरला जायचं होतं. जन्म गेला गंगेकाठी (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात), तर ती निघते कुठून ते एकदा बघायचं. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, बीपीची गोळी चालू. घरात सगळ्यांचा नकार होता, आणि त्याला कारण होतं. त्याच्या आदल्या मे महिन्यात एका लग्नाला जाताना आजी गाडीतच भोवळ येऊन पडली होती. दोन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, शरीरात पाणीच नव्हतं, किडनीवर ताण आला, अजून दोन तास गेले असते तर अवघड होतं. तेव्हापासून "उन्हाळ्यात आजी गाडीत बसणार नाही" हा घरचा कायदा झाला होता.

मग पावसाळ्यानंतर जा की, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो. पण सोयाबीन काढणी, मग कापूस, मग माझ्या चुलतभावाची दहावी आणि माझ्या सबमिशन्स... सगळ्यांना एकत्र सुट्टी मे महिन्यातच. शिवाय आजीचा युक्तिवाद बिनतोड होता : "म्होरल्या दिवाळीला म्या असंल का नसंल, कुनाला ठावं?" यापुढे कोण काय बोलणार!

शेवटचा पेपर टाकला आणि मी पॅसेंजरने गंगाखेड गाठलं. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष संपलेलं, म्हणजे हीट ट्रान्सफर अंगात भिनलेली (मार्कांत नसेल, अंगात होती). काकांनी सहा दिवस लग्नाची भाडी सोडली. ऐन लग्नसराईत सहा दिवस म्हणजे किती पैसे, हे ते दिवसातून तीनदा ऐकवत होते, पण सोडली. आणि आम्ही गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री माणूस मोठा गमतीचा. शाळा सातवीपर्यंत, पण आमच्या सरांनी दोन लेक्चर घेऊन सांगितलं असतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं : "गाडी पळताना तापत नसती, उभी राहिल्यावर तापती." विचार केला तर खरंच आहे. गाडी ऐंशीच्या वेगाने जाते तेव्हा रेडिएटरवर वारा आपसूक आदळतो. ट्रॅफिकमध्ये अडकली की वारा बंद, आणि पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर असल्यामुळे तोही मंद. लांबून येऊन एकदम किल्ली फिरवली तर पंपच थांबतो, हेडमधली उष्णता साचलेल्या पाण्यात उतरते आणि काटा उलटा वर चढतो. म्हणून उन्हात लांब पल्ला मारून आल्यावर दोन मिनिटं गाडी आयडलला ठेवायची, मगच बंद करायची. उन्हाळ्याची तयारी म्हणजे गाडी पळवायची तयारी नव्हे, ती उभी करायची तयारी, हे तेव्हापासून डोक्यात बसलं आणि पुढे भलत्याच ठिकाणी कामाला आलं. ते सांगतोच.

रेडिएटर खोलला तर आत पांढरी पुटं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या पातेल्यालाही थर धरतो. क्षाराचा थर धातूच्या मानाने फारच वाईट उष्णतावाहक, त्यामुळे बाहेर कितीही वारा येवो, आतली उष्णता बाहेर पडेना. मिस्त्रीने वरची टाकी सोडवली, नळ्यांतून सळई फिरवली, पुन्हा डाग दिला. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. काकांना कूलंटचे पैसे जास्त वाटले. "पाणीच तर हाय ते, रंग दिलेलं." त्यांना सांगितलं की झाकणाच्या स्प्रिंगने आत दाब राहतो म्हणून नुसतं पाणीही शंभरऐवजी एकशेवीसच्या आसपास उकळतं, आणि कूलंट घातलं की अजून वर. शिवाय गंज आणि क्षार धरत नाहीत. झाकणाचं रबर चिरलेलं निघालं, ते बदललं. सगळ्यात स्वस्त पार्ट, पण तो गेला तर बाकी सगळा खर्च पाण्यात!

पुढे थर्मोस्टॅटवरून मिस्त्रीचं आणि माझं वाजलं. आमच्याकडची सार्वत्रिक समजूत अशी की उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा, पाणी मोकळं फिरतं, गाडी थंड राहते. मी म्हटलं, या इंजिनात थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर बायपास कायम उघडा, थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच गोल फिरणार, म्हणजे ऐन उन्हात कूलिंग कमीच. मिस्त्री म्हणाला, "पुस्तकात असंल." मग प्रयोग. आजीचं चहाचं पातेलं, गॅस, मी हॉस्टेलवरून आणलेला थर्मामीटर (कुठून आणला ते विचारू नका, परत ठेवला आहे) आणि दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट. ऐंशीच्या जरा पुढे तो हलायला लागला, नव्वदच्या आत पूर्ण उघडला. आजी शेजारी बसून बघत होती. "चांगला हाय की. कशाला काढताव त्याला?" वाद मिटला, थर्मोस्टॅट जागेवर गेला. पातेलं मात्र काकूने पुन्हा चहाला घेतलं नाही.

टायरबद्दलही अशीच एक समजूत आहे : उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो. मित्रांनो, हे गणित जरा करून बघा. पहाटे २७ अंशाला, म्हणजे ३०० केल्विनला, चाकात ४० पौंड हवा. वातावरणाचे १५ धरून ५५. दुपारी पळून पळून आतली हवा ६७ अंशांवर गेली, म्हणजे ३४०. दाब होतो साधारण ६२, त्यातून १५ वजा. म्हणजे ४७ पौंड. चांगला टायर एवढा सोसण्यासाठीच बनवलेला असतो. उलट हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते, त्या वाकण्यानेच तो तापतो आणि मग फाटतो. म्हणून हवा पहाटे थंड चाकात कंपनीने सांगितली तेवढी भरायची आणि दुपारी वाढलेली दिसली तरी सोडायची नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडेही बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमचं एक चाक नक्षी चांगली असूनही नऊ वर्षांचं निघालं. ते बदलताना काकांचा चेहरा बघवत नव्हता. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या त्यांनीच मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या, त्या मी त्यांनाच परत पाठवल्या.

बाकी किरकोळ कामं. ब्रेक ऑइल बदललं, कारण ते हवेतली ओल ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, एक जादा फॅन बेल्ट, जादा होज आणि तो आवळायच्या पट्ट्या.

आता गाडीच्या आतलं. मे महिन्यात दुपारी सूर्य चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट ओततो. ट्रॅक्सचा टप धरा पाच चौरस मीटर. म्हणजे डोक्यावर पाच किलोवॅट, घरातले अडीच गिझर! आमच्याकडे स्लॅबला चुना मारतात, तीच युक्ती इथे. कॅरिअरखाली टपावर पांढरं ताडपत्रीचं कापड, त्याखाली गोणपाट, थांबलो की गोणपाटावर बादलीभर पाणी. खिडक्यांना कूलरचा वाळा लावून दोन पडदे केले, त्यांच्यामागे बारा व्होल्टचा पंखा. मराठवाड्याची हवा कोरडी, हा इथे आपला फायदा. त्रेचाळीस अंशांत आर्द्रता पंधरा टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान तेवीसच्या आसपास उतरू शकतं. आमचा पडदा तेवढा काही पोचला नाही, पण आत-बाहेर दहा अंशांचा फरक मी स्वतः मोजला. कोकणात हेच केलं असतं तर नुसतं न्हाणीघर झालं असतं.

काही कापायचं नाही, काही वेल्ड करायचं नाही, हा माझा नियम होता. नोंदणीच्या वेळच्या मूळ रचनेत परस्पर बदल कायद्याला चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली ते स्पष्ट केलेलं आहे. म्हणून मागच्या दोन बाकड्यांवर आडवी प्लायवूडची फळी, वर गादी, पट्ट्यांनी आवळलेली. उभ्या गाडीत आजीने आडवं व्हायचं, चालत्या गाडीत मधल्या सीटवर बसायचं. काका छोटा गॅस सिलिंडर घ्या म्हणत होते. बंद गाडी, ऊन आणि सिलिंडर? त्याऐवजी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली. पाण्याला दोन जार आणि एक माठ, माठ जुन्या टायरच्या ट्यूबमध्ये बसवलेला.

माझी यादी झाली. पाणी मी माणशी दिवसाला पाच लिटर धरलं होतं. मोठ्या अभिमानाने काकूला वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "एवढं पाणी पेऊन जावं कुठं?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग तिने सांगितलं. गाडीतून कुठे जायचं असलं की घरातल्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. आजीही, आईही, ती स्वतःही. पुरुष मंडळी कुठेही गाडी थांबवून रस्त्याकडेला उभी राहतात. बायकांनी काय करायचं? पंपावर संडास असतो, पण कधी कुलूप, कधी आत पाय ठेववत नाही, आणि आजीला तर गुडघ्यांमुळे खाली बसताच येत नाही. लग्नाच्या दिवशी आजी पहाटे चहा पिऊन निघाली होती आणि दुपारी दोनपर्यंत तिने घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. गाडीत पाण्याचा जार होता, भरलेला. "ऊन लागलं म्हनले समदे. ऊन नाय लागलं. तिनं पाणीच पेलं नव्हतं."

मिस्त्रीचं वाक्य मला तेव्हा आठवलं. कूलंट, झाकण, टायर, सगळं पळत्या गाडीसाठी आणि उभ्या गाडीसाठी झालं होतं. पण गाडी उभी राहिल्यावर आजीने जायचं कुठे, हे माझ्याच काय, मी वाचलेल्या कुठल्याच यादीत नव्हतं. माझा रूममेट म्हणाला, हा विषय कॉलेजच्या मासिकात लिहिणार तू? मी म्हटलं, का नाही? रेडिएटरबद्दल चार पॅरा लिहिले तेव्हा तू काही बोलला नाहीस.

मग खरी डिझाइन झाली, आणि तिची चीफ इंजिनिअर काकू. मेडिकलच्या दुकानातून कमोडची खुर्ची आणली, हातांची, म्हणजे आजीला टेकून उठता येईल. खाली झाकणाची बादली. सॉ मिलवरून पोतंभर लाकडाचा भुसा, प्रत्येक वेळी वरून दोन मुठी टाकायचा, वास राहत नाही. मागचं दार उघडलं की ते एक बाजू, उरलेल्या तीन बाजूंना कॅरिअरच्या हुकांवरून गडद पडदा. पहिली चाचणी आमच्या अंगणात घेतली आणि मे महिन्याच्या वावटळीने पडदा थेट शेजाऱ्यांच्या कडुनिंबावर नेला! खाली वजन हवं होतं. मी खिशात वाळू भरायचं सुचवलं. काकू म्हणाली, वाळू सांडती, आणि माझ्या जुन्या सायकलची साखळी सोडवून तिने पडद्याच्या काठात शिवून टाकली. जड, लवचीक आणि दुमडली की मुठीत मावते. असा पर्याय मला परीक्षेतसुद्धा सुचला नसता. डॉक्टरांकडेही जाऊन आलो. आजीची एक गोळी लघवी वाढवणारी होती, तिचं प्रवासात काय करायचं ते त्यांनी लिहून दिलं, ओआरएसची पाकिटं दिली, आणि तहानेची वाट बघू नका म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते.

पहाटे साडेचारला निघालो. गंगाखेडच्या पुलावर आजीने हात जोडले. पात्रात वाळू आणि मध्ये मध्ये डबकी. परभणी, मानवत, पाथरी, ढालेगावला पुन्हा गंगा ओलांडून माजलगाव. अकराच्या आत थांबायचं, पाचनंतर निघायचं, हा ठराव होता. पण थांबायला सावली कुठे? रस्ते रुंद झाले, छान झाले, कडेची जुनी झाडं गेली. गेवराईच्या अलीकडे आत एका कच्च्या रस्त्यावर चिंच सापडेपर्यंत आम्ही पंधरा किलोमीटर हुकलो. काटा मधोमध होता, टायर हाताला गरम पण ठीक. ताडपत्री, पडदे, पंखा, आणि मागे काकूचा तंबू. आजी पहिल्यांदा लाजली. मग जाऊन आली, फळीवर पडली, आणि स्वतःहून म्हणाली, "दे रं तांब्याभर पाणी." काकूने माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही.

पुढचे दिवस सुखाचे गेले, म्हणून त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पैठणला नाथसागर बघून आजी थक्क झाली. जायकवाडीचं धरण १९७६ चं, म्हणजे आजीच्या डोळ्यांदेखत झालेलं, पण तिने पाहिलं पहिल्यांदाच. "आपलं पाणी हितं बसलंय व्हय!" मग शेवगाव, नेवासा, कोपरगाव, नाशिक. आम्ही नदीच्या उलट्या दिशेने वर वर चाललो होतो, आणि वरच्या धरणांतून खाली पाणी सोडतात की नाही यावर काका प्रत्येक चहाच्या टपरीवर भांडत होते. एका पंपावर बायकांच्या संडासाला कुलूप होतं, किल्ली मालकाकडे, मालक गावाला. काकूने शांतपणे मागचं दार उघडलं आणि पडदा लावला. दहा मिनिटांत दुसऱ्या एका गाडीतल्या दोन बायका येऊन विचारू लागल्या, "आम्ही जाऊ का?"

त्र्यंबकला कुशावर्ताच्या पायऱ्यांवर आजीला दोघांनी धरून बसवलं. तिने पाण्यात हात घातला, तोंडावरून फिरवला. हजार-दीड हजार किलोमीटर वाहणारी नदी इथून, म्हणून मी काहीतरी सांगायला लागलो होतो. ती म्हणाली, "पायऱ्या लई निसरड्या हायत्या, चला आता." मग बाहेर येऊन चहा पिला आणि वर ग्लासभर पाणी. ब्रह्मगिरी तिने खालूनच बघितला, बराच वेळ.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी भाड्यावर गेली. फळी निघाली, गादी निघाली, वाळ्याचे पडदे माळ्यावर गेले. खुर्ची आणि पडदा काढायला लागलो तर काका म्हणाले, "राहू दे, बाकड्याखाली बसतंय." त्या महिन्यात तीन लग्नांची वऱ्हाडं त्यांनी नेली. आता गाडी ठरवायला काकांना फोन येतो तो कधी कधी नवरीच्या मावशीचा नाहीतर आत्याचा असतो, आणि पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. स्टँडवरच्या दोघा ड्रायव्हरांनी तसाच पडदा शिवून द्या म्हणून काकूला सांगितलंय. ती दोन जुन्या सायकलींच्या साखळ्या शोधते आहे. हॉस्टेलच्या स्टँडवर पंक्चर होऊन वर्षभर पडलेल्या ज्या सायकली आहेत, त्यांच्या मालकांनी माझ्याशी रूम नंबर १७ मध्ये संपर्क साधावा.